गर्भनिरोधक गोळी सोसत नसेल तर: कुठे थांबायचं, काय बदलायचं, कधी दवाखाना गाठायचा

पहिलं पाकीट निम्मं संपतं आणि कपड्यावर डाग दिसतो. पाळीला अजून दहा-बारा दिवस असतात. सकाळी मळमळतंय, छाती दुखरी झालीय, कुणी काही बोललं तरी रडू येतंय. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "बंद कर ते, शरीराचं वाटोळं होतं." गोळी त्याच रात्री बंद होते आणि तिच्या जागी दुसरं काहीच सुरू होत नाही. पुढच्या महिन्यात काळजी असते ती पाळी न आल्याची.

याच्या उलटही घडतं. एकाच पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय, आणि "गोळीनं थोडंफार होतंच" म्हणत आठवडाभर तेल चोळणं चाललंय. एकीनं घाई केली, दुसरीनं उशीर. होणारा त्रास नेमका कुठल्या जातीचा आहे, हे दोघींनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे जे लिहिलंय ते तेवढ्यासाठी आहे. औषध निवडून देण्याचं काम डॉक्टरांचंच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय सांगायचं नि काय विचारायचं हे आपल्याला ठाऊक असलं, तर निम्मं काम झालेलं असतं.

आधी पाकीट उलटून बघा

"मी गोळी घेते" एवढं सांगून काही कळत नाही. पाकिटाच्या मागे घटक छापलेले असतात. एथिनिल इस्ट्रॅडिओल, इस्ट्रॅडिओल किंवा असंच इस्ट्रोजेन या हार्मोनचं नाव असेल आणि सोबत प्रोजेस्टोजेन या दुसऱ्या हार्मोनचं नाव (लेव्होनॉर्जेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल, ड्रोस्पिरेनोन वगैरे) असेल, तर ती संयुक्त गोळी. त्वचेवर चिकटवायची पट्टी आणि योनीत ठेवायची रिंग याच घरातल्या. इस्ट्रोजेन नसेल आणि एकच नाव असेल, तर ती फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी. तीन महिन्यांचं इंजेक्शन, दंडात बसवायची काडी म्हणजे इम्प्लांट आणि गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन हेही प्रोजेस्टोजेनवरच चालतात.

ही विभागणी महत्त्वाची, कारण त्रासाचीही साधारण तशीच विभागणी होते. मळमळ, दुखरे स्तन, चेहऱ्यावरचा वांग, वाढलेला रक्तदाब आणि रक्ताच्या गुठळीचा धोका यांचं बोट बहुतेकदा इस्ट्रोजेनकडे जातं. अवेळी डाग, पाळी अजिबात बंद होणं, मुरुमं, वाढलेली भूक यांमागे बरेचदा प्रोजेस्टोजेन असतं. ही रेघ पक्की नाही, तरी डॉक्टरांशी बोलताना तिचा उपयोग होतो.

मात्राही वाचा. संयुक्त गोळीत आज एथिनिल इस्ट्रॅडिओल साधारण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन तब्बल १५० मायक्रोग्रॅम होतं, आणि प्रोजेस्टोजेनही आजच्या कितीतरी पट. आधीच्या पिढीतल्या बायकांनी सांगितलेले उलट्यांचे आणि सुजेचे अनुभव खोटे नव्हते, त्यांची गोळीच तशी होती. ते अनुभव जसेच्या तसे आजच्या पाकिटाला चिकटवू नयेत, इतकंच.

सुरू करण्याआधी स्वतःहून सांगायच्या गोष्टी

घाईच्या तपासणीत सगळे प्रश्न विचारले जातीलच असं नाही. त्यामुळे विचारायची वाट न बघता सांगून टाका. पुढच्यापैकी काही लागू असेल तर इस्ट्रोजेन असलेली पद्धत सहसा नकोच, किंवा फार विचार करून:

- वय ३५ किंवा जास्त आणि सिगारेट चालू
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर
- स्वतःला कधी पायात वा फुफ्फुसात गुठळी झालेली, किंवा आईवडील-भावंडांत कमी वयात झालेली
- पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, बऱ्याच वर्षांचा आणि डोळे-किडनीवर परिणाम झालेला मधुमेह
- बाळंतपण नुकतंच झालेलं, विशेषतः बाळ अंगावर पीत असेल तर (पहिले सहा आठवडे तर नाहीच)
- येत्या काही आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया किंवा बराच काळ अंथरुणावर पडून राहणं

स्तनाचा कर्करोग सध्या असेल तर कुठलीच हार्मोनची पद्धत वापरत नाहीत. आणि अर्धशिशीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण "डोकं दुखतं" एवढ्यावर ती वाहून जाते. डोकं दुखायला लागण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येतात का? नजरेचा एक भाग काही मिनिटं पुसल्यासारखा होतो का? बोटांपासून चेहऱ्यापर्यंत मुंग्या सरकत जातात का? याला ऑरा म्हणतात. अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तिथे संयुक्त गोळी वर्ज्यच आहे. वय कितीही असो.

चालू औषधांची यादी न्या. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटॉन यांसारखी औषधं आणि नैराश्यासाठी घेतलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट हे वनस्पतिजन्य औषध गोळीचा असर कमी करतात. औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. फिट्सवरच्याच लॅमोट्रिजिनचं गणित उलटं आहे: संयुक्त गोळीमुळे त्याचीच रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. घसा-लघवीच्या संसर्गासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी गोळी निकामी होते ही समजूत मात्र जुनी आहे. त्यांनी उलट्या-जुलाब झाले तरच प्रश्न येतो.

गोळी सुरू करण्याआधी बहुतेकींना योनीमार्गाची तपासणी किंवा रक्ताच्या चाचण्यांची लांबलचक यादी लागत नाही. रक्तदाब मात्र मोजलाच पाहिजे. दंडाला पट्टा न लावता कुणी संयुक्त गोळी लिहून देत असेल, तर आपणच हात पुढे करावा.

पहिले तीन महिने: वही ठेवा

फोनमधलं कॅलेंडर चालेल, साधी वही चालेल. रोज तीनच गोष्टी: गोळी किती वाजता घेतली, अंगावरून किती गेलं (डाग, थोडं, पाळीसारखं), आणि त्या दिवशी काय झालं. जमलं तर गोळी सुरू करण्याआधीचा एक महिनाही असाच लिहा. माझ्या मते ही या लेखातली सर्वांत कामाची सूचना आहे, कारण गोळीआधीही महिन्यातून चार दिवस डोकं दुखत होतं हे आपण साफ विसरतो. औषध नसलेल्या रिकाम्या गोळ्या देऊन केलेल्या चाचण्यांतही बऱ्याच जणींनी डोकेदुखी नि मळमळीची तक्रार केलेली आहे. त्यांचं दुखणं खोटं होतं असं नाही. त्याचं कारण गोळीत नव्हतं, एवढंच.

*अवेळी डाग किंवा रक्तस्राव.* सगळ्यात जास्त बायका यालाच घाबरून सोडतात, म्हणून यावर जरा जास्त. गर्भाशयाचं आतलं अस्तर गोळीमुळे पातळ होतं आणि त्या नव्या अवस्थेला रुळताना मधूनच थोडं सुटतं. पहिल्या तीन पाकिटांपर्यंत हे चालतं, कमी मात्रेच्या गोळीत जास्त दिसतं, आणि याचा अर्थ गोळी काम करत नाही असा नाही. गोळी चालूच ठेवायची, शक्यतो रोज त्याच वेळी. वहीत बघा: डाग दिसण्याआधी एखादी गोळी चुकली होती का, उशीर झाला होता का? बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं. तीन महिन्यांनंतरही थांबत नसेल, किंवा बरेच दिवस सगळं ठीक असताना अचानक सुरू झालं, तर तपासणी हवी. कारण तेव्हा गर्भधारणा, क्लॅमिडियासारखा संसर्ग किंवा गर्भाशयमुखाचा काही विकार बघावा लागतो. संबंधानंतर रक्त जात असेल तर तीन महिने मोजत बसू नका.

जाता जाता: २१ गोळ्यांनंतरच्या सात दिवसांत येते ती खरी पाळी नव्हेच. हार्मोन थांबल्यावर अस्तर गळतं, तेवढंच. म्हणून ती थोडीशी, तपकिरी किंवा एखाद्या महिन्यात गायबही असू शकते. "घाण आत साठते" या भीतीला काही आधार नाही, कारण साठण्याइतकं अस्तर तयारच झालेलं नसतं. मात्र गोळ्या चुकल्या असतील आणि ती आली नाही, किंवा दोनदा लागोपाठ आली नाही, तर गर्भधारणेची चाचणी करा.

*मळमळ.* रात्री जेवणानंतर किंवा झोपताना गोळी घ्या. बहुतेकींची काही आठवड्यांत जाते. नाही गेली तर कमी इस्ट्रोजेनची गोळी मागता येते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेली नाही असं धरून दुसरी घ्यावी.

*दुखरे स्तन.* बहुधा आपोआप कमी होतं. गाठ हाताला लागली तर ते "गोळीमुळे" म्हणून सोडून देऊ नका.

*डोकेदुखी.* कधी दुखतं ते वहीत बघा. फक्त मधल्या सात दिवसांत दुखत असेल तर इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे असण्याची शक्यता मोठी. तिथे डॉक्टर सुट्टी कमी करायला किंवा दोन-तीन पाकिटं सलग घ्यायला सांगू शकतात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदाच ऑरा दिसला, तर ती पद्धत तिथेच संपली. तोपर्यंत निरोध वापरा आणि दुसऱ्या पद्धतीबद्दल बोला.

गोळी चुकली तर

संयुक्त गोळीसाठी:

१. एकच चुकली (तिच्या ठरल्या वेळेपासून ४८ तास व्हायच्या आत लक्षात आलं): आठवताच घ्या, पुढची तिच्या वेळेला घ्या. एकाच दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. जादा काळजीची गरज नाही.

२. दोन किंवा जास्त चुकल्या: शेवटची चुकलेली तेवढी लगेच घ्या, आधीच्या टाकून द्या, पुढच्या रोजच्यासारख्या. सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध.

३. त्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात चुकल्या असतील आणि संबंध आला असेल: आपत्कालीन गोळीबद्दल (संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी) लगेच विचारा.

४. शेवटच्या आठवड्यात चुकल्या असतील: सुट्टी न घेता थेट नवं पाकीट सुरू करा.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची झाली की बीजकोश जागे होऊ लागतात.

फक्त प्रोजेस्टोजेनच्या गोळीला इतकी सूट नाही. जुन्या प्रकारात ३ तासांचा उशीरही चुकलेल्यात धरतात, डेसोजेस्ट्रेलमध्ये १२ तासांचा, ड्रोस्पिरेनोनमध्ये २४ तासांचा. आपली कुठली, ते पाकिटावर बघा.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिनं पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. तीन आठवडे झाले आणि पाळी नाही, तर चाचणी करा. दर महिन्याला ती घेणं हा गर्भनिरोधनाचा मार्ग नाही: रोजच्या गोळीपेक्षा भरवसा कमी आणि पाळीचा गोंधळ जास्त.

वजन, मन, इच्छा

वजनाबद्दल मतं ठाम आहेत, पुरावे तितके नाहीत. संयुक्त गोळीनं वजन फार वाढतं असं तुलनात्मक चाचण्यांतून दिसलेलं नाही. सुरुवातीला थोडं पाणी अंगात धरलं जातं, कपडे घट्ट वाटतात, तो भाग खरा. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. त्यानं काही जणींचं वजन खरोखर वाढतं, आणि ज्यांचं पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वाढलं त्यांचं पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे ६० किलोच्या बाईला ३ किलो ही सूचना समजावी.

मनाच्या बाबतीत "तुझे मनाचे खेळ" असं म्हणून वाटेला लावणाऱ्यांचा मला राग येतो. २०१६ साली डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हार्मोन वापरणाऱ्यांत नैराश्यावरचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत ते ठळक होतं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. गोळी सुरू होण्याच्या सुमारास आयुष्यात इतरही बरंच काही बदललेलं असतं. बहुतेकींच्या मनावर काहीच परिणाम होत नाही आणि काही जणींची पाळीआधीची चिडचिड उलट कमी होते. पण आपण त्या थोड्यांपैकी असू शकतो. दोन-तीन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर वही दाखवून पद्धत बदलायला सांगा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर पाकीट संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी मदत घ्या, घरच्यांना सांगा.

संबंधाची इच्छा कमी होणं, योनी कोरडी पडणं हे बोलायला अवघड, म्हणून नोंदीत येत नाही. संयुक्त गोळीमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. त्याचा प्रत्येकीवर सारखा परिणाम होत नाही. दिसत असेल तर दुसरा प्रकार वापरून बघायला ते पुरेसं कारण आहे, लाजण्याचं नाही.

वांग आला तर उन्हापासून चेहरा जपा आणि इस्ट्रोजेन नसलेल्या पद्धतीचं विचारा. गोळी थांबली तरी तो लगेच जात नाही.

इंजेक्शन, काडी आणि गर्भाशयातलं साधन

या तिन्हींत पाळीचं वेळापत्रक मोडतं, हे आधीच धरून चाला. इंजेक्शन वर्षभर घेणाऱ्या सुमारे निम्म्या जणींची पाळी बंद होते, आणि ते अपायकारक नाही. काडी काढून टाकण्यामागचं नेहमीचं कारण अनियमित रक्तस्राव हेच. फार त्रास झाला तर डॉक्टर आयबुप्रोफेनसारखं औषध थोडे दिवस देतात, कधी इस्ट्रोजेन जोडतात. हार्मोनच्या साधनानं पहिले तीन ते सहा महिने डाग पडतात आणि मग पाळी हलकी होत जाते. जास्त रक्तस्रावाच्या बायकांना तेच औषध म्हणूनही बसवतात.

इंजेक्शनाबद्दल तीन गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात. एक, टोचलं की काढता येत नाही, त्रास झाला तर तीन महिने काढावे लागतात. दोन, हाडांची घनता काहीशी घटते आणि बंद केल्यावर बऱ्याच अंशी भरून येते. वर्षानुवर्षं घ्यायचं असेल तर अधूनमधून फेरविचार हवा. तीन, दिवस राहायला उशीर होतो, शेवटच्या इंजेक्शनापासून सरासरी दहा महिने. वर्षाच्या आत मूल हवं असेल तर हे नकोच.

साधन किंवा काडी असताना, किंवा नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गोळीवर असताना दिवस जाणं विरळा. पण गेलेच, तर गर्भ नलिकेत असण्याची शक्यता वाढते. चाचणी दोन रेघा दाखवत असेल आणि पोटात एका बाजूला दुखत असेल, तर तासभरही थांबू नका.

लगेच निघायचं ते त्रास

- एकाच पायाच्या पोटरीत किंवा मांडीत दुखणं, सूज, ऊब, लाली
- अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त
- आयुष्यात झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी
- अचानक नजर जाणं, बोबडी वळणं, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं
- पोटात असह्य दुखणं, कावीळ

तिथे गेल्यावर "मी हार्मोनची गोळी घेते" हे पहिल्याच वाक्यात सांगा. तरुण बाईला धाप लागली की ती घाबरलीय असं समजलं जाण्याची शक्यता असते. या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते.

गुठळीचा धोका किती? वर्षभरात १०,००० स्त्रियांमागे, गोळी न घेणाऱ्यांत १ ते ५ जणींना, संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीत तो कमी, ड्रोस्पिरेनोन-डेसोजेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीत थोडा जास्त. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो, आणि महिनाभर सोडून पुन्हा सुरू केली की तो पहिल्या वर्षाचा धोका नव्यानं सुरू होतो. "शरीराला विश्रांती" म्हणून दर वर्षी गोळी थांबवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या, काडी आणि साधन यांनी हा धोका वाढल्याचं दिसत नाही.

कर्करोग आणि पुढे मूल

२०१७ साली डेन्मार्कमधल्याच मोठ्या अभ्यासात, वर्षभर हार्मोन वापरणाऱ्या ७,६९० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाची एक जादा केस आढळली. पाच वर्षांहून जास्त वापरानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि थांबवल्यावर उतरतो. दुसऱ्या पारड्यात बीजकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आहे. संयुक्त गोळीनं तो कमी होतो आणि हा फायदा थांबवल्यावरही कित्येक वर्षं टिकतो. घरात आई-मावशीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर हा हिशोब डॉक्टरांसमोर मांडून घ्या.

गोळीनं वांझपण येत नाही. पाळी आधीपासूनच अनियमित असेल तर ती गोळीच्या काळात झाकली जाते आणि थांबवल्यावर पुन्हा दिसते, मग दोष गोळीला मिळतो.

बदलताना किंवा थांबवताना

पाकीट मध्येच सोडू नका, संपवा. आदल्या काही दिवसांत संबंध आला असेल आणि मध्येच थांबलात तर दिवस जाऊ शकतात, कारण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. वर दिलेल्या लगेच निघायच्या त्रासांना आणि ऑराला हा नियम लागू नाही, तिथे गोळी तत्क्षणी बंद. एका संयुक्त गोळीवरून दुसरीवर जाताना मध्ये सुट्टी घ्यायची नाही. गोळीवरून इंजेक्शन किंवा काडीवर जाताना नवी पद्धत सुरू झाल्यावरही सात दिवस गोळी चालू ठेवली की मध्ये फट राहत नाही. नव्या पद्धतीलाही तीन महिने द्या आणि वही नव्या पानावर सुरू करा.

गोळी थांबवल्यावर पहिली पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, कधी जरा उशिरा. तीन महिने झाले तरी आली नाही तर चाचणी करा आणि दाखवून या. कुठलीही पद्धत असो, संसर्गापासून बचाव फक्त निरोधच करतो, त्यामुळे जोडीदार नवा असेल तर गोळी चालू असतानाही निरोध ठेवावा लागतो.